मनातला पसारा आवरायला अडीच हजार? नाशिककरांनो, खरं खरं सांगा

पाथर्डीफाटा:
कोणाच्या श्रद्धेला हात घालायचा नाहीये, पण पोटातलं बाहेर काढतो. मागच्या रविवारी वहिनीने आग्रह करकरून गंगापूर रोडला एका वर्कशॉपला नेलं, 'इनर पीस' असं काहीतरी नाव होतं, माणशी अडीच हजार, तिनेच भरले. चटयांवर आडवं केलं, एक ताई धातूचे वाडगे वाजवत फिरत होत्या, कोपऱ्यात धूप आणि माझ्या कपाळावर जांभळा दगड. मला म्हणाल्या तुमचं अनाहत चक्र ब्लॉक आहे, राग साठलाय. अहो साठणारच ना, पार्किंगसाठी वीस मिनिटं घिरट्या घालून आलो होतो. मग मला झोप लागली, घोरलो म्हणे. सोमवारी सकाळी डोकं परत जडच्या जड.

बुधवारी रात्री झोप येईना म्हणून पोराची अर्धी कोरी वही घेतली आणि डोक्यात जे जे फिरतंय ते लिहीत सुटलो. ३१ गोष्टी निघाल्या. वडील जाऊन दोन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर वारस नोंद नाही, गॅसचं केवायसी, बाथरूमचा गळका नळ, अर्धवट सोडलेलं रूट कॅनल, मित्राचे द्यायचे आठ हजार. गुरुवारी तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा अर्ज देऊन आलो आणि आईशप्पथ त्या रात्री सलग सात तास झोपलो.

तर माझं म्हणणं असं की मनाचा पसारा बिसारा काही नसतो, कामांचा असतो. आपण कामं टाळतो आणि मग कपाळावर दगड ठेवून घेतो. बोला आता.

त्र्यंबकरोड_२१:
दगडाचं सोडून द्या, त्याची बाजू मी घेणार नाही. पण वहीत उतरतच नाही असं काही तुमच्या डोक्यात नाही का? माझी आई गेली तेव्हा माझ्याकडे एकही काम पेंडिंग नव्हतं. सगळे कागद झाले, बँक झाली, दिवस घातले. आणि मी रात्री अडीचला किचनमध्ये उभी, फ्रीज उघडा, कशाला आले ते आठवत नाही. त्याची काय लिस्ट करू?

मी इगतपुरीला धम्मगिरीला विपश्यनेचा १० दिवसांचा कोर्स केला. पहाटे ४ ला घंटा, बोलायचं नाही, फोन जमा, वही-पेनसुद्धा नाही (तुमची तर पंचाईत). पहिले तीन दिवस फक्त नाकाशी श्वास बघायचा. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली होती, खरंच, नाशिक किती, तासाभराचा तर रस्ता. संध्याकाळी ५ ला कुरमुरे, चहा नि फळ आलं, ते खाल्लं आणि म्हणलं उद्या जाऊ. उद्या करत करत दहा झाले. आईचं दुःख गेलं का, नाही गेलं. पण ते येताना दिसायला लागलं, आधी थेट अंगावर यायचं. आणि पैशाचं म्हणाल तर तिथे फीच नाही, कोर्स पूर्ण केलेल्यांच्या दानावर चालतं.

डेटा_दाखवा:
अनुभव सगळ्यांनाच येतात ताई, माझ्या आत्याला अंगठीने गुण आला होता. आकडे असतील तर बोलू. २०१४ साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, साधारण साडेतीन हजार माणसं. निष्कर्ष काय, ध्यानाने चिंता आणि डिप्रेशन थोडं ते मध्यम प्रमाणात कमी होतं. पण व्यायाम, औषधं अशा इतर उपायांपेक्षा ध्यान सरस ठरतं असा पुरावा मिळाला नाही. म्हणजे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पाच-सहा फेऱ्या मारल्या तरी चालेल, दहा दिवस सुट्टी टाकायची गरज नाही. आणि वाडगे, दगड, ऑरा वगैरे तर त्या चर्चेतही नाहीत.

त्र्यंबकरोड_२१:
'सरस नाही' म्हणजे 'बरोबरीचं असू शकतं' हेही वाचा ना मग दादा. तुम्ही पळा, मी बसते. भांडण कुठंय?

निफाडचा_बागायतदार:
मी वाचत होतो नुसता, पण ३१ कामांचं वाचून हसू आलं. भाऊ, आमच्या लिस्टमधलं सगळ्यात मोठं काम आपल्या हातातच नसतं. द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी केली, माल फुलोऱ्यात आला आणि आभाळ भरून आलं की संपलं, डावणी रोग येणार, रात्री दोनला उठून फवारणीचा हिशोब. ढग आले हे वहीत लिहून काय करू, तलाठ्याकडे ढगाची नोंद होते का.

श्वासाबिसाचं म्हणाल तर मला एकट्याला गप बसायला जमत नाही. बसलो की बँकेचा हप्ताच दिसतो. आमच्याकडं एकादशीला भजन असतं, पखवाज, टाळ, आणि वीस-पंचवीस जण घसा फाटेस्तोवर. दोन तासांनी घरी येतो तेव्हा अंगात ताकद नसते आणि डोक्यात काही नसतं. पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी जातो, पाय सोलवटतात, पण त्या तीन दिवसांत मला बाग आठवत नाही हे खरं आहे. परत आल्यावर कर्ज आहे तेवढंच असतं, एक रुपया कमी नाही. त्यामुळं मी दोघांच्याही पार्टीत नाही.

टाकळीकर_काका:
आमच्या टाकळीला समर्थांनी बारा वर्षं तप केलं, सकाळी नंदिनीच्या, म्हणजे आजच्या नासर्डीच्या, पाण्यात उभं राहून जप, असं परंपरा सांगते. ना फी ना चटई. हल्लीच्या लोकांना सगळं विकत पाहिजे.

डेटा_दाखवा:
काका आज त्या नासर्डीत उभे राहून दाखवा. मनातलं जाईल की नाही माहीत नाही, पायाला काहीतरी येईल नक्की.

लेणी_बघणारा:
'शांती पूर्वी फुकट होती' यावर एक गंमत सांगतो, विषयाला सोडून नाही. पांडवलेणीला १० नंबरच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. २००० वर महिना शेकडा १ व्याज, १००० वर पाऊण. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, आणि किरकोळ खर्च. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा ध्यानाला बसणाऱ्याच्या मागे कोणीतरी एफडी करून ठेवलेली होती. आपल्याला पायऱ्या चढून धाप लागते म्हणून तो लेख कोणी वाचत नाही, सगळे सेल्फी काढून खाली मिसळ खायला.

पाथर्डीफाटा:
@लेणी_बघणारा हे भारी आहे, माहीत नव्हतं. @निफाड, ढगाच्या बाबतीत तुम्ही जिंकलात, माझ्याकडे उत्तर नाही.

वॉर्डातली_ताई:
मी मानसोपचार विभागात काम करते म्हणून दोन गोष्टी. धागाकर्त्याला जे जाणवलं ते खरं आहे, अर्धवट कामं मनात जास्त घोळतात हे ब्लूमा झायगार्निक या बाईंनी १९२७ मध्येच मांडलंय. पुढे २०११ च्या एका अभ्यासात असं दिसलं की काम पूर्ण करायचीसुद्धा गरज नाही, कधी आणि कसं करणार ते नक्की ठरवलं तरी घोळणं कमी होतं. तुमच्या ३१ पैकी एकच झालं ना? तरी झोप लागली.

पण ज्याला महिना महिना झोप नाही, जेवण जात नाही, जगायचा कंटाळा आलाय त्याला वही देऊ नका आणि इगतपुरीलाही परस्पर पाठवू नका. तिथल्या फॉर्ममध्येच मानसिक आजाराबद्दल विचारतात, लोक लपवतात, आणि दहा दिवस गप बसल्यावर काहींचा त्रास वाढतो. आधी डॉक्टर. कोणाशी बोलावं कळत नसेल तर टेलिमानस १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. चक्र ब्लॉक आहे म्हणून गोळ्या बंद केलेला पेशंट बघितला की मला काय होतं ते इथे लिहीत नाही.

इंदिरानगर_गृहिणी:
सगळ्यांचं वाचलं. मी ते वाडगेवालं सेशन केलंय, दुसरीकडे, एकदा नाही तीनदा. चक्र, ऑरा कशावरही माझा विश्वास नाही. पण त्या दोन तासांत मला कोणी विचारत नाही की टॉवेल कुठंय, डब्याला काय, आईंची बीपीची गोळी दिली का. फोन पर्समध्ये, पर्स बाहेर. मी आडवी पडते आणि छताकडे बघते. वाडगे वाजवले काय, ताट वाजवलं काय, मला सारखंच. घरात मी दुपारी दोन तास नुसती पडून राहिले तर लोक विचारतात बरं नाही का. बाहेर पैसे भरून पडले तर 'क्लास' होतो. तुम्ही अडीच हजारात घोरलात म्हणता, तुम्हाला तो महाग वाटला कारण तुम्हाला घरीही घोरता येतं.

आणि एक विचारू का, राग मानू नका. ती जी ३१ कामं, त्यातली गुरुवारनंतर किती झाली आणि कोणी केली?

डेटा_दाखवा:
😂😂 पॉपकॉर्न आणतो

पाथर्डीफाटा:
उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण मोजत बसलो. नऊ झाली. वारस अर्ज, मित्राचे पैसे आणि रूट कॅनलची अपॉइंटमेंट मी. नळाचा प्लंबर, केवायसी, लाईटबिलाचं नाव बदलणं आणि बाकीची तीन बायकोने. मी वही फ्रीजवर मॅग्नेटने लावली होती, ती येताजाता टिक करत गेली, मला वाटलं आपोआप होतायत.

काल तिला म्हणलं तुझी पण लिस्ट कर, डोकं हलकं होतं. तिने वही घेतली, दोन पानं भरली, तिसऱ्यावर आली आणि मग पेन ठेवून म्हणाली हे लिहून मला आणखीनच दमायला झालं. बराच वेळ कोणीच काही बोललो नाही. शेवटी म्हणाली मला रविवारी सकाळी एकटीला सोमेश्वरला जाऊन पाण्याकडे बघत बसायचंय, पोरं नको, तू पण नको. म्हणलं जा. दगडाबद्दलचं मत माझं तेच आहे हं, ते बदलणार नाही. वहिनीला पण तेच सांगितलं, ती चिडलीये.

त्र्यंबकरोड_२१:
रविवारी सोमेश्वरला कणसंवाले, रिल्सवाले, सगळं नाशिक असतं हो. तिला म्हणावं मंगळवारी सकाळी जा, पोरांच्या शाळेची तयारी तुम्ही करा.

पाथर्डीफाटा:
मंगळवारी माझी आठची शिफ्ट आहे. बघतो बदलून मिळते का.