डबा सापडला नाही म्हणून दुसरा ठेवला. चुकलं का?

वाटाड्या_पोर्टलंड :
जिओकॅशिंग न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: कुणीतरी रानात डबा, म्हणजे कॅश, लपवून जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर देतो. आपण जीपीएसवर तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, साइटवर 'सापडला' टाकायचं. परवा दोन तास चढून गेलो, टेरेन, म्हणजे वाटेचा अवघडपणा, पाचपैकी ४. तासभर धुंडाळलं, डबा नाही. आधीच्या तिघांनाही मिळाला नव्हता. जवळ फिल्म रोलची डबी होती. तीत कागद घालून बुंध्याशी ठेवली आणि 'सापडला' टाकलं. डबा लपवणाऱ्या मालकाने माझी नोंदच उडवली! अहो, तुमची खेप वाचवली ना मी?

भटकभवानी :
लपंडावात गडी सापडेना, म्हणून दुसऱ्याच पोराला झाडामागे बसवून 'इस्टॉप' ओरडायचं? तिघांना मिळाला नाही म्हणजे डबा गेलाच असं नाही. डिफिकल्टी, म्हणजे शोधायला किती अवघड, ते बरं नाही सांगितलंत! मूळ डबा जागेवर असला तर आता तिथे दोन झाले. पुढचा येणार, तुमची डबी बघून खूश होऊन परत जाणार. याला थ्रोडाउन म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. डीएनएफ, म्हणजे 'सापडला नाही' अशी नोंद, टाकायला कसला कमीपणा? मालकाला कळतं ते त्यावरूनच.

जुना_खेळाडू :
नियम पाठ आहेत हो. पण कितीतरी मालक खेळ सोडून गेलेत, त्यांचं काय? पहिला डबा ३ मे २००० ला ओरेगनमध्येच, बीव्हरक्रीकजवळ ठेवला होता. जीपीएसची मुद्दाम ठेवलेली चूक सरकारने काढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हापासूनच्या प्रत्येक महिन्यात ठेवलेली एक तरी कॅश शोधायची, त्याला जॅस्मर म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यांच्या मोजक्याच उरल्यात. त्यातली एक बंद पडली की ती तारीख पुन्हा मिळत नाही. तिथे कुणी डबा ठेवला तर मी त्याला चहा पाजेन.

भटकभवानी :
जॅस्मरपुरतं अर्धं मान्य. यांची कॅश कुठल्या सालची?

वाटाड्या_पोर्टलंड :
२०१९. डिफिकल्टी ४. बोला आता.

रानमांजर :
वही भिजली असेल तर कोरडा कागद घाला, झिपलॉक फाटली असेल तर बदला, कुणी काही म्हणणार नाही. झाकण तडकलं असेल तर तसं लिहा, मालक बघेल. पण डबाच नसेल तर आधी मालकाला विचारा. तो हो म्हणाला तर खुशाल ठेवा. उत्तरच आलं नाही तर साइटच्या रिव्ह्यूअरला, म्हणजे कॅश तपासून मंजूर करणाऱ्याला, कळवा. तो मुदत देतो, मग कॅश बंद करतो. बंद झालेली बरी, कारण दोन डब्यांत १६१ मीटर अंतर लागतं. बेवारस कॅश थ्रोडाउनवर जगवत ठेवली की तेवढ्या टप्प्यात नव्या माणसाला काही ठेवताच येत नाही.

जुना_खेळाडू :
पण इथला मालक बेवारस नाही. दोन दिवसांत नोंद उडवली म्हणजे चांगलाच जागा आहे. वाटाड्या, इथे मी तुमच्या बाजूने नाही.

वाटाड्या_पोर्टलंड :
बरं, डीएनएफ टाकला.

भटकभवानी :
आणि डबी?

वाटाड्या_पोर्टलंड :
डबी तिथेच आहे.

भटकभवानी :
म्हणजे आता ती कॅशही नाही, नुसता कचरा.

वाटाड्या_पोर्टलंड :
शनिवारी जातो आणायला. पाऊस सांगितलाय.