शून्याला गोठतंच असं नाही

"शून्य अंशाला पाणी गोठतं म्हणजे गोठतंच" हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं अर्धंच खरं आहे. शून्याला बर्फ वितळतो, हे नक्की. पण गोठायला पाण्याला सुरुवात करून देणारं काहीतरी लागतं: धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा, नाहीतर बर्फाचाच तुकडा. ते नसेल तर ढगातले स्वच्छ, बारीक थेंब उणे ३८ च्या आसपासपर्यंत पाणीच राहतात.

गेल्या मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ ला टेकलेला असताना, फ्रीजरमधून सीलबंद पाण्याची बाटली काढली. पाणी अगदी नितळ. ओट्यावर जराशी आपटली आणि वरून खाली पांढऱ्या सुया सरसरत गेल्या. पोरगी ओरडली, "बाबा, पुन्हा करा ना!" मला मात्र पुढची गंमत जास्त आवडली. बाटली गच्च गोठली नाही, आत नुसता गोळेवाल्याकडचा भुगा. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. त्यामुळे पाणी उणे ८ ला असेल, तर जेमतेम दहावा हिस्सा गोठतो तोच सगळं परत शून्यावर येतं.

नळाच्या पाण्यावर तीनदा करून पाहिलं, एकदाही जमलं नाही. आणि काचेची बाटली चुकूनही ठेवू नका. बर्फ होताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि काच फुटते, फ्रीजर पुसायला आमची अख्खी दुपार गेली होती.