शब्दचर्चा : फ्रेमचा ‘अनुक्रमांक’ म्हणावे की ‘क्रमांक’?

प्रश्न : लिनक्समधील व्हिडिओ ड्रायव्हरांविषयीच्या (म्हणजे कॅमेऱ्यासारखी उपकरणे चालवणाऱ्या प्रोग्रामांविषयीच्या) एका टिपणाचे मी मराठीकरण करीत आहे. ‘व्हिडिओ फॉर लिनक्स 2’ या व्यवस्थेत ड्रायव्हर प्रत्येक बफरसोबत, म्हणजे व्हिडिओतील एकेक चित्र (फ्रेम) तात्पुरते साठवण्याच्या जागेसोबत, जी माहिती परत देतो, तिच्यात ‘इंडेक्स’ आणि ‘सिक्वेन्स’ असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्हींसाठी मी ‘अनुक्रमांक’ लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी दुसऱ्यासाठी गणिताच्या पाठ्यपुस्तकातील ‘क्रमिका’ सुचवला आहे. जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

उत्तर : ‘क्रमिका’ म्हणजे संख्यांची सबंध मालिका. आपल्याला हवा आहे तो एकेका फ्रेमवर पडणारा अंक, त्यामुळे तो शब्द बाजूला ठेवावा. ‘इंडेक्स’चे काम सोपे आहे : अ‍ॅप्लिकेशनने चार बफर मागून घेतले असतील, तर त्यांना 0 ते 3 हेच अंक असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येत राहतात. तो साठवणीच्या जागेचा अंक असल्यामुळे त्याला ‘बफर क्रमांक’ म्हणणे पुरेसे आहे.

‘सिक्वेन्स’ हा मात्र फ्रेमचा अंक आहे, आणि खरी अडचण येथेच आहे. ही मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि रिकामा बफर नसल्यामुळे साठवता न आलेली फ्रेमसुद्धा तिच्यात धरायची असते. म्हणून अ‍ॅप्लिकेशनला 41 नंतर एकदम 44 मिळाला, तर मधल्या दोन फ्रेम आल्या होत्या, पण हाती लागल्या नाहीत, हे त्याला कळते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने केवळ बफर परत करताना गणक वाढवला, तर अंक सलग आणि दिसायला नीटनेटके येतील, परंतु फ्रेम हरवल्याची खूणच पुसली जाईल. ही चूक मी अनेकदा पाहिली आहे, आणि तिचे एक कारण ‘अनुक्रम’ या कल्पनेतच दडलेले असावे, असे मला वाटते.

मराठीत ‘अनुक्रमांक’ दोन अर्थांनी चालतो. तक्त्यातील ‘अ. क्र.’ या रकान्यात एखादी ओळ काढली की खालचे अंक वर सरकवून घेतात. शाळेच्या हजेरीपटात तसे होत नाही : सतरा क्रमांकाचा विद्यार्थी गैरहजर असला, तरी अठराव्याला सतरा म्हणून हाक मारत नाहीत. फ्रेमचा अंक हजेरीपटासारखा आहे, आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर तक्ता उभा राहण्याची भीती असल्यामुळे मी ‘फ्रेम क्रमांक’ लिहितो. काही वेळा एका चित्राच्या सम आणि विषम ओळी दोन वेगळ्या बफरांत आलटून पालटून येतात, तेव्हा एकाच फ्रेमच्या त्या दोन्ही बफरांवर एकच अंक असतो. ‘फ्रेम’ हा शब्द जोडल्याने तेही आपोआप स्पष्ट होते.

प्रश्नकर्ता : विवेचन पटले, आभारी आहे. मग हरवलेल्या फ्रेमला ‘गाळलेली’ म्हणावे का?

उत्तर : आपल्या भाषेत ‘गळणे’ आणि ‘गाळणे’ हा भेद तयारच आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. बफर वेळेवर न मिळाल्यामुळे गेली ती ‘गळलेली’, आणि सदोष आढळल्यामुळे ड्रायव्हरने स्वतःहून टाकून दिली ती ‘गाळलेली’. चित्र दाखवणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत नवी माहिती वेळेत न आल्याने जुनीच फ्रेम पुन्हा दाखवली जाते, तीही मोजणीत धरतात, आणि तिला ‘पुन्हा दाखवलेली फ्रेम’ असे सरळ लिहावे.

वाक्य मात्र जपून रचावे. यूएसबी वेबकॅमच्या बाबतीत ड्रायव्हरला यंत्राकडून फ्रेमचा अंक मिळतच नाही. प्रत्येक नव्या फ्रेमला 0 चा 1 किंवा 1 चा 0 होणारा एक बिट तेवढा मिळतो, आणि तो उलटला की ड्रायव्हर आपला गणक वाढवतो. कॅमेऱ्याने आतल्या आतच सोडून दिलेली फ्रेम या मोजणीत येणार नाही, म्हणून अंक सलग असले तरी ‘एकही फ्रेम गळली नाही’ असे लिहू नये. ‘ड्रायव्हरपर्यंत आलेल्या फ्रेमांपैकी एकही गळली नाही’ असे लिहावे.

दुसरा उत्तरदाता : दोन गोष्टी जोडतो. हा रकाना 32 बिटांचा असल्यामुळे सेकंदाला 30 फ्रेम या वेगाने अखंड चालणाऱ्या कॅमेऱ्याचा अंक सुमारे साडेचार वर्षांनी फिरून शून्यावर येतो. मूळ टिपणात याचा उल्लेख असेल, तर ‘गणक फिरून शून्यावर येतो’ असेच लिहावे, कारण ‘गणक संपतो’ म्हटल्यास मोजणी थांबते असे वाटेल. शिवाय मोजणी शून्यापासून असल्यामुळे ‘पाचवी फ्रेम’ आणि ‘क्रमांक 5 ची फ्रेम’ या दोन वेगळ्या फ्रेम आहेत. क्रमांक 5 ची फ्रेम मोजणीने सहावी येते, तेव्हा भाषांतरात ‘पहिली’, ‘पाचवी’ असे शब्द टाळून अंकच द्यावा.