शब्दचर्चा : ‘उपलब्ध’, ‘सुलभ’ की ‘सुगम्य’?

प्रश्न (ग्रंथपाल, विदर्भातील एका तालुक्याच्या गावचे महाविद्यालय)

आमच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन अध्ययन प्रणालीविषयीच्या परिपत्रकात ‘सर्व अभ्याससाहित्य सर्व विद्यार्थ्यांना सुलभतेने उपलब्ध करून देण्यात आले आहे’ असे वाक्य आहे. आमच्याकडे कला शाखेत शिकणारी एक अंध विद्यार्थिनी आहे. एसटीच्या फेऱ्या मोजक्याच असल्यामुळे ती बराच अभ्यास घरी, मोबाइलवरच, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या ‘टॉकबॅक’ या सुविधेच्या आधारे करते. ती म्हणते, “मॅडम, पीडीएफ उघडते, पण टॉकबॅक काहीच बोलून नाही राहिला.” म्हणजे परिपत्रकातले वाक्य खोटे म्हणता येत नाही आणि तरीही तिच्या पदरात काही पडत नाही. या संदर्भात विद्यापीठाला पत्र लिहायचे आहे. ‘ॲक्सेसिबिलिटी’साठी सुलभता, सुगम्यता, अभिगम्यता आणि प्रवेशयोग्यता असे चार शब्द माझ्या वाचनात आले आहेत. पत्रात कोणता वापरणे योग्य ठरेल?

प्रतिसाद (मराठीचे निवृत्त प्राध्यापक)

ताई, परिपत्रकातले वाक्य व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर गंमत दिसते. ‘सुलभ’ आणि ‘उपलब्ध’ हे दोन्ही शब्द ‘लभ्’ म्हणजे मिळणे या एकाच धातूपासून आले आहेत, त्यामुळे ‘सुलभतेने उपलब्ध’ या शब्दांत साहित्य मिळते एवढेच दोनदा सांगितले आहे. मिळाल्यानंतर त्याचे काय करता येते, याविषयी ते वाक्य मौन बाळगते. ‘सुगम्य’ हा शब्द मात्र ‘गम्’ धातूपासून आला आहे. संस्कृत व्याकरणपरंपरेत गतिवाचक धातू ज्ञानवाचकही मानले जातात, म्हणून ‘बोधगम्य’ आणि ‘बुद्धिगम्य’ हे शब्द तयार झाले. सुगम्य म्हणजे जेथवर सहज जाता येते आणि जे सहज आकळते, असे दोन्ही अर्थ या एका शब्दात बसतात. (आपल्याकडे ‘मले येथे गमत नाही’ म्हणजे करमत नाही असे म्हणतात, तो प्रयोग मला फार आवडतो, पण त्याला या वादात ओढू नये.)

व्याकरणदृष्ट्या ‘सुगम’ पुरेसा होता, ही हरकत कोणी घेईल आणि ती बिनतोड आहे. परंतु ‘सुगम संगीत’ या प्रयोगामुळे त्या शब्दाला हलकेफुलके, सोपे केलेले अशी छटा आली आहे. अंध विद्यार्थिनीला सोपा केलेला अभ्यासक्रम नको आहे, तोच अभ्यासक्रम हवा आहे. त्यामुळे येथे ‘सुगम्य’ बरा. ‘प्रवेशयोग्यता’ हा शब्द तर विद्यापीठाला चुकूनही लिहू नये. तेथे प्रवेश म्हणजे ॲडमिशन, आणि आपले पत्र पात्रता विभागाच्या टेबलावर जाऊन पडेल. ‘अभिगम्यता’ चुकीचा नाही, मात्र बोजड आहे.

प्रतिसाद (संगणक प्रशिक्षक, स्वतः टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर वापरणारे)

सरांनी सांगितलेला भेद मी रोज अनुभवतो. टॉकबॅक गप्प राहण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ती पीडीएफ स्कॅन केलेली असते. तिच्यात अक्षरे नसतात, पानांचे फोटो असतात. दुसरे कारण खास आपल्या भाषेचे आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी प्रमाण पद्धती) येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या मराठी नोट्स डोळ्यांना देवनागरी दिसतात, परंतु फाइलमध्ये त्या रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रूपात साठवलेल्या असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर त्या निरर्थक अक्षरमाळेसारख्या वाचतो. डोळस प्राध्यापकांना दोष दिसतच नाही, म्हणून तक्रार केली की “माझ्याकडे तर व्यवस्थित उघडते” असे उत्तर येते. तिसरे कारण असे की, मराठी पानाची भाषा फाइलच्या आतल्या नोंदीत इंग्रजी दाखवलेली असते आणि मग इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर वगळतो किंवा भलताच वाचतो.

उपाय अवघड नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये घ्यावा, स्कॅन केलेल्या पानांची अक्षरओळख करून ती मूळ पानाशी ताडून घ्यावी आणि पानाची भाषा मराठी नोंदवावी. तपासण्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या मजकुराचे उच्चार करणाऱ्या प्रणालीत मराठी आवाज आहे. तो उच्चार कानाला गोड नाही, सवय होते.

पत्रात केवळ ‘सुगम्य’ लिहून थांबू नका. मोजमाप लिहा. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची डब्ल्यूसीएजी ही वेबवरील मजकुराच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी आहेत, त्यांची २.१ आवृत्ती २०१८ मध्ये आणि २.२ आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यांच्या ‘ए’, ‘एए’ आणि ‘एएए’ या तीन स्तरांपैकी मधल्या ‘एए’ स्तरावर साध्या आकाराच्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा लागतो. मे महिन्यात अंगणात बसून फिकट राखाडी अक्षरे वाचू पाहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

प्रतिसाद (वकील)

शब्दाची निवड कायद्याच्या बाजूनेही महत्त्वाची आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘सुगम्य भारत अभियाना’त इमारती आणि वाहतुकीबरोबर माहिती व दळणवळण तंत्रज्ञानाचाही समावेश होता, त्यामुळे ‘सुगम्य’ हा शब्द प्रशासनाच्या ओळखीचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याचे कलम ४२ माहिती व दळणवळण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयीच आहे. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा, याच अधिनियमाखालील नियमांतला नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्र सरकारला अनिवार्य मानके करण्यास सांगितले.

त्याच निकालात आलेला एक भेद ताईंच्या पत्रासाठी अधिक उपयोगाचा आहे. सुगम्यता ही कोणी मागण्याआधीच करून ठेवायची व्यवस्था असते. वाजवी सोय ही एखाद्या व्यक्तीच्या विशिष्ट गरजेसाठी, तिची गरज समोर आल्यावर करून द्यायची असते. पीडीएफ वाचता येण्याजोगी असणे ही सुगम्यता आहे, तर एखाद्या विद्यार्थिनीला तिच्या गरजेनुसार वेगळ्या पद्धतीने चाचणी देऊ देणे ही वाजवी सोय आहे. पत्रात या दोन मागण्या एकत्र कालवल्या, तर ‘संबंधित विद्यार्थिनीने वैयक्तिक अर्ज करावा’ असे एकच उत्तर येते आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते.

प्रतिसाद (शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय)

वरील सर्व मान्य करूनही एक शंका मांडते. ‘सुगम्यता’ हा शब्द विद्यापीठाला कळेल, परंतु ज्या मुलीसाठी हे चालले आहे तिला आणि तिच्या पालकांना कळेल का? विद्यार्थ्यांसाठीच्या सूचनेत ‘ऐकून वाचता येणारे’, ‘माउसशिवाय वापरता येणारे’ असे लिहावे असे मला वाटते. ‘सर्वांसाठी सुगम्य’ ही पाटी लावणे सोपे असते. ‘हे साहित्य ऐकून वाचता येते’ असे लिहिणाऱ्याला मात्र ते आधी ऐकून पाहावे लागते.

प्रश्नकर्त्या

आपणा सर्वांचे आभार. मसुदा असा केला आहे : ‘प्रणालीवरील मराठी अभ्याससाहित्य उपलब्ध आहे, मात्र ते स्कॅन केलेल्या प्रतिमांच्या किंवा युनिकोडपूर्व फाँटच्या स्वरूपात असल्याने स्क्रीन रीडरद्वारे वाचता येत नाही, म्हणजेच ते सुगम्य नाही. हे साहित्य डब्ल्यूसीएजी २.१ च्या एए स्तरानुसार सुगम्य करावे, ही विनंती. चाचणीतील वाजवी सोयींसाठी स्वतंत्र अर्ज सोबत जोडला आहे.’ विद्यार्थ्यांच्या सूचनेत मॅडमनी सुचवलेली शब्दरचना घेईन. एकच राहिले. चित्राऐवजी स्क्रीन रीडर जो वाचून दाखवतो, त्या ‘पर्यायी मजकुरा’त नेमके काय लिहायचे असते? भूगोलाच्या नोट्समध्ये सगळीकडे फक्त ‘नकाशा’ असे लिहिलेले आहे.

प्रतिसाद (संगणक प्रशिक्षक)

चित्र तेथे ज्या कारणासाठी दिले आहे, ते लिहायचे असते. विदर्भाच्या पर्जन्याचा नकाशा असेल तर ‘पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो; बुलढाण्याकडे कमी, गडचिरोलीकडे सर्वाधिक’ एवढे पुरे. मात्र चाचणीत त्याच नकाशावर ‘पाऊस कोणत्या दिशेने वाढतो?’ असा प्रश्न असेल, तर हा मजकूर उत्तरच सांगून टाकेल. तेथे जिल्हावार पावसाच्या आकड्यांचा तक्ता द्यावा.