वेपनं हाडांना काय होत नाही म्हणे

भावा, वर तू लिहिलंयस की वेपमध्ये, म्हंजे ई-सिगरेटमध्ये, धूर नाही म्हणून हाडांना धोका नाही, पण बहुतेक वेपात निकोटीन असतंयच की. त्यानं रक्तवाहिन्या आकसत्यात, मोडल्या जागी रक्त कमी पोचतंय आणि हाड जुळायला वेळ लागतोय. आमच्या तालमीतल्या एका पोराची नळी मोडली, घरचे रोज पायाचं सूप पाजालेत आणि हा प्लास्टर घेऊन रंकाळ्यावर झुरके मारतोय, एक्सरेत फट हाय तशीच! डॉक्टर म्हटले आधी सिगरेट बंद कर, मग बोलू. शिवाय सिगरेटनं हाडं ठिसूळ होत्यात, म्हातारपणी खुबा मोडायचा धोका वाढतोय, बायकांची पाळी लवकर जाती ते वेगळंच. आणि २०१९ पासून देशात वेप विकायला बंदी हाय, मग कॉलेजच्या पोरांना मिळतंय कुठनं राव?