बक्षीस दिलं की लोकांना पर्यावरण जपायची सवय लागते का?

पिंपळपान: बरेच दिवस डोक्यात घोळतंय. कचरा वेगळा करणाऱ्यांना, बसने-सायकलने जाणाऱ्यांना पॉइंट्स, कुपन, करात सूट द्या असं सगळेच म्हणतात, पण त्याने खरंच सवय लागते का, की बक्षीस बंद झालं की ये रे माझ्या मागल्या? कुठल्या शहरात नीट चाललंय का हे?

सायकलस्वार: चाललंय ना, ब्राझीलच्या कुरितिबात १९९१ पासून ४ किलो सुका कचरा आणून दिला की १ किलो फळं-भाज्या मिळतात, आणि त्यात आसपासच्या शेतकऱ्यांचा जास्तीचा मालही खपतो. लगेच हातात पडणारं आणि रोज लागणारं काहीतरी हवं, नुसते ॲपमधले पॉइंट्स कोण बघत बसतंय.

मीरा_क: मला बक्षिसापेक्षा डिपॉझिट पटतं. अमेरिकेत मॉंटगोमेरी काउंटीत काही दुकानं स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट द्यायची, लोकांनी ढुंकूनही बघितलं नाही, २०१२ ला नव्या पिशवीवर तेवढेच ५ सेंट कर लावला तर पिशव्या घेणारे धडाधड कमी झाले. रक्कम तीच! खिशातून गेलेलं माणसाला जास्त लागतं. डिपॉझिटचंही तेच, जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटली-कॅनवर २५ सेंट आधीच घेतात, रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की पैसे परत, आणि ज्याला कंटाळा येतो तो बाटली कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी करून ठेवतो, म्हणजे बाटल्या गोळा करून ते पैसे मिळवणाऱ्याला आत हात घालावा लागत नाही. या बाटल्या जवळपास सगळ्या परत येतात.

पिंपळपान: हे भारीच आहे. पण बसने जाण्याला डिपॉझिट कसं लावणार?

सायकलस्वार: नाहीच लावता येत, आणि तिथे फुकट देऊनही फार होत नाही. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ ला रहिवाशांना बस-ट्राम फुकट केली, प्रवासी वाढले पण त्यातले बरेचसे आधी चालत जाणारे होते, गाडीवाले थोडेच हलले. बस वेळेवर येत नसेल, पार्किंग स्वस्त असेल तर कुपन घेऊन करायचं काय?

मीरा_क: अगदी. आणि कचऱ्यासाठी तैवानच्या तैपेईचं बघा, २००० पासून घरचा कचरा ठरलेल्या विकतच्या पिशवीतूनच द्यायचा, रीसायकलचा मात्र फुकट घेतात, म्हणजे जेवढं नीट वेगळं कराल तेवढ्या पिशव्या कमी लागणार. वेगळं बक्षीस वाटतच बसायला नको. आपल्याकडे मागणी करायची तर मी आधी हीच करेन.