बाबांच्या सगळ्या अंगावर सूज आहे, वयामुळे असं होतं का?

बाबा 74 वर्षांचे आहेत. आधी फक्त पाय सुजायचे, आता तीन आठवड्यांत मांड्या, हात आणि सकाळी उठले की डोळ्यांखाली पण फुगलेलं असतं. मोजे काढले की इलॅस्टिकचा वळ तासभर जात नाही. बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे, गुडघ्यांसाठी पेनकिलर घेतात. म्हणतात वय झालंय, चालायचंच. मला काही पटत नाहीये.

उत्तर 1
ताई, वयावर ढकलू नका. अम्लोडिपिनने सूज येते पण ती बहुतेक घोट्यांपुरती असते, डोळ्यांखाली आणि हातावर आली म्हणजे हृदय, किडनी, लिव्हर तिन्ही बघायला हवं. नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा, खड्डा पडून राहिला तर आत पाणी साठलंय. आडवं झाल्यावर दम लागतो का, दोन-तीन उशा लागतात का? तसं असेल तर हृदयाकडे बोट जातं. लघवीला फेस येतो का तेही विचारा.

उत्तर 2
माझ्या आईची सूज थायरॉइडची निघाली, दाबलं तरी खड्डाच पडायचा नाही, आवाज घोगरा झालेला आणि सारखी थंडी वाजायची, आम्ही महिनाभर म्हातारपण म्हणून सोडून दिलं त्याचं अजून वाईट वाटतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नक्की करा.

(प्रश्न विचारणारी)
आत्ता विचारलं. दम नाही लागत, पण लघवीला फेस येतो म्हणाले, पाणी ओतलं तरी जात नाही. खड्डा पण पडतो, चांगला खोल.

उत्तर 1
मग उद्याच दाखवा. लघवीतून प्रोटीन जात असेल तर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी होतं (साधारण 3.5 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं) आणि पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपून अंगभर साठतं. पेनकिलरनेही किडनीला असा त्रास होऊ शकतो, शिवाय त्या गोळ्या मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, म्हणून डॉक्टरांना दाखवेपर्यंत त्या देऊ नका, बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), अल्ब्युमिन, लिव्हरच्या टेस्ट, टीएसएच आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतील बहुतेक. लघवी जास्त व्हायची गोळी कुणी सुचवली तरी मनाने देऊ नका, या वयात सोडियम-पोटॅशियम पटकन खाली येतं. रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन लिहून ठेवा. आणि एकच पाय जास्त सुजून दुखायला लागला किंवा बसल्या बसल्या दम लागला तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.

(प्रश्न विचारणारी)
उद्या सकाळची वेळ मिळाली. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून ठेवली, पेनकिलरचं रिकामं पाकीटसुद्धा.